सगळं हिरवं आहे

६ जानेवारी, सोमवार
आज इतिहास घडला. आमच्या रुग्णालयाच्या संगणकीकरणाचा प्रोजेक्ट मॅनेजर म्हणून माझी निवड झाली.
कशी झाली ते लिहून ठेवतो, पुढे माझंच मला आठवावं म्हणून. डायरेक्टर मॅडमनी मीटिंगमध्ये विचारलं, ही जबाबदारी कोण घेतंय? सगळे डॉक्टर आपापल्या बुटांकडे बघायला लागले. नेमका मी खिडकी लावायला उठलो होतो. मॅडम म्हणाल्या, वा, भांडार अधिकारी उभे राहिले! टाळ्या पडल्या. खिडकी उघडीच राहिली.
चोवीस वर्षं कापूस, हातमोजे आणि फिनेल मोजण्यात गेली. पण गुण कुठे लपतात?
घरी बायकोला सांगितलं. ही म्हणाली, तुम्हाला मोबाइलवरचा अलार्म बंद करता येत नाही. मी म्हटलं, मॅनेजरने अलार्म बंद करायचा नसतो, करून घ्यायचा असतो. हिने माझा अलार्म बंद करून दिला.

१० जानेवारी
दोन दिवसांचं प्रशिक्षण. ‘माहिती तंत्रज्ञान प्रकल्प व्यवस्थापन: तोंडओळख’. शिकवणारे गृहस्थ बरे होते. म्हणाले, प्रकल्पाला काम, वेळ आणि माणसं अशा तीन बाजू असतात, एक ओढली की उरलेल्या दोन हलतात. आणि म्हणाले, मॅनेजरने रोजनिशी ठेवावी, त्यात खरं लिहावं. म्हणून ही वही.
दुसऱ्या दिवशी दुपारी बसलो नाही. तोपर्यंत मला सगळं समजलं होतं. दुपारचा विषय चाचणी आणि धोके असा काहीतरी रडका होता.
निश्चय: रोज लिहायचं. सकाळी फिरायला जायचं. कोणावर ओरडायचं नाही.

१३ जानेवारी
कंपनीने दोन माणसं दिली. पहिला प्रोग्रॅमर. कानाला हेडफोन, तोंडाला कुलूप. नाव ठेवलं मौनीबाबा. दुसरी चाचणी करणारी बाई, तिशीची. केलेल्या कामात खोट काढायची हेच तिचं काम, आणि त्याचा तिला पगार मिळतो! पहिल्याच दिवशी अकरा प्रश्न विचारले. हिचं नाव शंकासुर.
नमुना: सर, पेशंट बेशुद्ध आला आणि नाव सांगता आलं नाही तर? मी म्हटलं, शुद्धीवर आला की विचारू. म्हणाली, आणि नाहीच आला तर? मी म्हटलं, मग नोंद हवीय कुणाला?
मौनीबाबाने माझ्याकडे बघितलं. बहुतेक हजरजबाबीपणा आवडला.

१७ जानेवारी
वेळापत्रक तयार. नवी सिस्टिम १७ मार्चला सुरू. त्या दिवशी मला पन्नास पूर्ण होतात. आधी शेवटची तारीख ठरवली, मग उलटं येत येत आजपर्यंत आलो. एका दुपारीत साडेआठ आठवड्यांचा हिशेब. वर एक दिवस उरला, तो चहापानाला ठेवला.
रंगीत पट्ट्यांचा तक्ता भिंतीवर लावला. मौनीबाबाने जवळ जाऊन बघितला. पहिल्यांदाच एका कानाचा हेडफोन काढला आणि म्हणाला, सप्टेंबर. परत घातला.
मी विचारलं, सप्टेंबरात काय आहे? असेल त्याचं काहीतरी घरचं.

२७ जानेवारी
दर सोमवारी मॅडमना एक पानी अहवाल द्यायचा. हिरवा म्हणजे ठीक, पिवळा म्हणजे लक्ष द्या, लाल म्हणजे धोका. आजचा पहिला अहवाल, सगळा हिरवा. मॅडम खूश.
शंकासुर म्हणाली, सर, अजून काम सुरूच झालं नाही. मी म्हटलं, जे सुरूच झालं नाही त्याला उशीर होईलच कसा? तिने वहीत काहीतरी लिहिलं. तिलाही वही आहे. मला हे आवडलेलं नाही.
फिरायला जाणं फेब्रुवारीपासून.

४ फेब्रुवारी
ऑफिसात आम्ही रोज उभ्या-उभ्या मीटिंग घेतो. काल काय केलं, आज काय करणार, अडथळा काय. सात मिनिटांत संपते. इतकी सुंदर पद्धत फक्त ऑफिसात का ठेवायची? आजपासून घरीही सुरू केली, सकाळी सव्वासातला ओट्याशी.
हिला विचारलं, अडथळा? म्हणाली, आहे, सिंकसमोर उभा आहे, बाजूला झाला तर भांडी घासेन. मग म्हणाली, अहो, मला तुमच्याशी एक बोलायचं होतं. तेवढ्यात सात मिनिटं झाली. नियम म्हणजे नियम. प्रशिक्षणात सांगितलं होतं, विषयाबाहेरचं काही निघालं तर ‘पार्किंग लॉट’ नावाचा कागद ठेवा आणि तिथे लिहा. फ्रिजवर कागद चिकटवला. क्रमांक १: हिचा विषय.
ही कागदाकडे बघत राहिली. नवीन पद्धत रुळायला वेळ लागतो.

१० फेब्रुवारी
चाळीस हजार जुने पेशंट रजिस्टरमधून संगणकात भरायचे आहेत. एकेकाला नऊ मिनिटं लागतात. हिशेब केला तर मी रिटायर होतो.
इथेच मॅनेजरचा कस लागतो. फॉर्ममधून आडनाव काढलं, पत्ता काढला, फोन काढला. नाव आणि जन्मतारीख बास. दोन्ही जुळलं की तोच माणूस. नऊ मिनिटांची झाली एक.
शंकासुर उभी राहिली. म्हणाली, सर, एकाच नावाच्या दोन बायका एकाच दिवशी जन्मल्या असतील तर दोघींची फाइल एक होईल, एकीचा रिपोर्ट दुसरीला जाईल. मी म्हटलं, अशा दोघी आमच्याच दवाखान्यात कशाला येतील? ठरवून? सगळे हसले. सगळे म्हणजे मी आणि डेटा भरणारे दोघं. त्यांचा पगार माझ्या सहीने निघतो, पण हसू मनापासूनचं होतं.
अहवाल हिरवा.

१९ फेब्रुवारी
घरच्या मीटिंगमध्ये हिने स्वतःहून विषय काढला. म्हणाली, काखेच्या जरा खाली गाठ लागतेय, महिना झाला, दुखत नाही पण वाढलीय. मी कागदावर लिहिलं: गाठ. प्राधान्य: मध्यम. म्हणाली, मध्यम का? मी समजावलं, उच्चमध्ये फक्त १७ मार्च आहे, दोन गोष्टी उच्च ठेवल्या की काहीच उच्च राहत नाही. शिवाय थोडं थांबलीस तर नव्या सिस्टिममधून तुझा रिपोर्ट थेट माझ्या मोबाइलवर येईल, खाली लॅबमध्ये रांगेत उभं राहायला नको. फक्त चार आठवडे.
ही भाजी चिरायला लागली. पटलं असावं.

२८ फेब्रुवारी
शंकासुराने दोषांची यादी दिली. एकशे त्रेचाळीस! माणसाने किती वाईट विचार करावा याला मर्यादा आहे. क्रमांक ६१ म्हणजे तेच, एका नावाच्या दोन बायका. तिने त्याच्यापुढे लाल खूण करून ‘जीव जाऊ शकतो’ असं लिहिलंय. नाटकी.
प्रत्येक दोषापुढे एक रकाना आहे: उघडा, चालू, बंद. सगळे एकदम निवडले आणि ‘बंद’ केले. मग यादी छापून प्रत्येकापुढे आद्याक्षरांची सही केली. अकरा मिनिटं. एकशे त्रेचाळीस दोष अकरा मिनिटांत सोडवणारा दुसरा माणूस दाखवा.
सह्या फार सुरेख आल्या आहेत. शेवटपर्यंत हात थरथरला नाही.

५ मार्च
शंकासुर ‘तयार आहे’ या कागदावर सही करायला नाही म्हणाली. वर म्हणाली, मी डायरेक्टर मॅडमना पत्र देणार. मी शांत राहिलो (निश्चय क्रमांक तीन). कंपनीला फोन केला. म्हटलं, बाई हुशार आहेत पण नकारात्मक आहेत, टीमचं मन खचतंय. दुपारी कंपनीने तिला परत बोलावलं.
जाताना यादीची एक प्रत माझ्या टेबलावर ठेवली. म्हणाली, सर, निदान एकसष्ट तरी बघा. मौनीबाबाने सांगितलं की ती कंत्राटावर होती, इथलं काम गेलं म्हणजे नोकरीच गेली. तो एवढं सलग बोलू शकतो हे मला माहीत नव्हतं.
वाईट वाटलं. पाच मिनिटं. तिची खुर्ची चांगली होती, पाठीला आधार देणारी. ती मी घेतली.
मॅडमना पत्र आलेलं नाही. आलं असेल तर माझ्याच ट्रेमध्ये आहे, आणि ट्रे मी १७ तारखेनंतर बघणार आहे.

११ मार्च
जुनी रजिस्टरं लगद्याला पाठवली. दोन टेम्पो. परतीचे दोर कापल्याशिवाय माणसं लढत नाहीत.
फक्त आमच्या मेट्रन, म्हणजे सगळ्या नर्सच्या मुख्य, अडून बसल्या. बत्तीस वर्षं नोकरी, आवाज असा की सलाइन आपोआप वेगाने उतरतं. रजिस्टर छातीशी धरून वॉर्डच्या दारात उभ्या. मी म्हटलं, कागद गेला, मेट्रन, जमाना बदलला. म्हणाल्या, साहेब, वीज जाते तेव्हा जमाना पण जातो. लोक हसले. हसू दे. सोमवारी बघू कोण हसतं.

१४ मार्च
लिफ्टपाशी सर्जन भेटले. म्हणाले, तुमच्या मिसेसच्या गाठीचा तुकडा आज तपासायला काढला, इतके दिवस का थांबलात? मी म्हटलं, सोमवारी सिस्टिम सुरू होतेय ना. ते माझ्याकडे बघत राहिले आणि लिफ्ट निघून गेली.
म्हणजे ही परस्पर आली! मला न सांगता! घरच्या मीटिंगमध्ये अवाक्षर नाही. बाहेर बाकावर बसली होती, काखेपाशी पट्टी. मी हात केला. जाणारच होतो तिच्याजवळ, पण फीत आणणारा आला होता आणि त्याने निळी आणली होती. मी लाल सांगितली होती. निळ्या फितीला कात्री लावणं शोभत नाही. त्यात अर्धा तास गेला. बघतो तर बाक रिकामा.

१७ मार्च, सोमवार. वाढदिवस. सकाळी ८.५०
मॅडमनी फीत कापली (लाल). सिस्टिम सुरू.

दुपारी १.३०
९.१२ ला बंद पडली, दहाला परत सुरू. सुरुवातीची खरखर. अकरापर्यंत रांग फाटकाबाहेर गेली. पाय मोडलेल्या एका हवालदारांना सिस्टिमने प्रसूतिगृहात पाठवलं. ते तीन वेळा समजावून सांगत होते, पण आतल्या आयाने स्क्रीन बघून कपडे बदलायला दिले. एका आजोबांचं वय दोनशे चार दाखवतंय. मी म्हटलं, नाबाद. आजोबा हसले नाहीत.
मौनीबाबाने दोन्ही हेडफोन काढून टेबलावर ठेवलेत आणि डोकं हातात धरलंय. एकाग्रता.
अहवाल: हिरवा. अगदी प्रामाणिकपणे लिहायचं तर किंचित पोपटी.

रात्री १०.००
घरी हिने केक आणून ठेवला होता. मी फोनवर होतो. कापायचा राहिला.

२१ मार्च
हिने रिपोर्टचं विचारलं. मोबाइलवर बघितलं, दोन सेकंद लागले. ‘प्रलंबित’. मी म्हटलं, अभिनंदन. म्हणाली, कशाबद्दल? मी म्हटलं, वाईट बातमीला पाय फुटतात, वाईट असतं तर केव्हाच आलं असतं.
ही म्हणाली, खरंच? मी म्हटलं, सिस्टिम खोटं बोलत नाही.
आज बऱ्याच दिवसांनी ती जेवताना दोन शब्द बोलली. मॅनेजरचं अर्धं काम धीर देणं असतं.

२८ मार्च
परत विचारलं. परत प्रलंबित. म्हणाली, मी खाली लॅबमध्ये जाऊन विचारून येऊ का, त्यांच्याकडे कागद असेल. मी स्पष्ट नाही म्हटलं. प्रोजेक्ट मॅनेजरची बायकोच कागद मागायला गेली तर बाकीच्यांनी काय धडा घ्यायचा? लोक आधीच बोलतायत. तुला माझी एवढीही साथ नाही?
हिने चपला परत काढून ठेवल्या. म्हणाली, बरं, नाही जात.
हेच मला हिचं आवडतं. समजावून सांगितलं की ऐकते.

३ एप्रिल
वाईट दिवस. एक बस कंडक्टर बाई तावातावाने माझ्या केबिनमध्ये शिरल्या. म्हणे, तुमच्या सिस्टिमने मला कॅन्सर झालाय असा मेसेज पाठवला. दोन आठवडे बाई रडत होती, मुलांना भावाकडे नेऊन ठेवलं, आठवडाभर कामावरून रजा घेतली. आज सर्जननी तपासलं तर गाठ नाही, काही नाही. आणि म्हणाली, अहो, माझा तुकडा कधी काढलाच नव्हता! मी तर फक्त ताप आला म्हणून आले होते, तेव्हा खिडकीवर फोन नंबर घेतला!
मी शांतपणे विचारलं, काढला असेल आणि तुम्ही विसरला असाल, असं नाही का होऊ शकत?
तिने खांद्यावरची तिकिटांची पेटी माझ्या टेबलावर आपटली. काच तडकली. मी वर्दीवरच्या माणसाकडून असं वागणं अपेक्षिलं नव्हतं.
आरडाओरडा ऐकून मेट्रन आल्या. बाईला पाणी दिलं, पाठीवर हात ठेवला, नाव आणि जन्मतारीख विचारली. ती तारीख तळहातावर पेनने लिहिली (कागद आपण बंद केलाय, तरी ही सवय). मग त्यांचा चेहरा कसासाच झाला. माझ्याकडे एकदा बघितलं आणि तरातरा खाली लॅबकडे गेल्या. सत्तावन्न वर्षांच्या बाईने जिन्यावरून पळू नये.
काच बदलून घ्यायला अर्ज केला.

४ एप्रिल
ही चार दिवस बहिणीकडे चालली आहे. माझी मेहुणी गावाच्या दुसऱ्या टोकाला राहते. मी विचारलं, काय विशेष? म्हणाली, तिचं जरा काम आहे. घर बदलत असेल, तिचं सदा काहीतरी चालू असतं. मेहुणी खाली रिक्षात बसून होती, वर आलीही नाही.
हिने चहाची पूड कुठे, माझ्या रक्तदाबाच्या गोळ्या कुठे, सगळं दाखवलं. हस्तांतर नीट केलं, कौतुक केलं मी. दारात थांबली. मला वाटलं, काही राहिलं. म्हणाली, जाते.
मी म्हटलं, अगं, ‘येते’ म्हणावं. म्हणाली, हो, आणि जिना उतरली.

८ एप्रिल
घरची मीटिंग एकट्याने घेतली. दोन मिनिटांत संपली. दूध उतू गेलं.
ही फोन उचलत नाही. शिकायला बाहेरगावी असलेल्या मुलीला केला. तिने उचलला. मागे कुणीतरी नावं पुकारत होतं. मी विचारलं, कॉलेजात नाहीस का? म्हणाली, नाही. विचारलं, आई कशी आहे? म्हणाली, बाबा, आत्ता नको, आणि ठेवला. आजकालच्या मुलांना बोलायची पद्धत नाही.
चार दिवसांचे पाच झाले. घर बदलायला उशीर होतोच. नियोजन नसतं लोकांचं.

१० एप्रिल
चौकशीची मीटिंग. खुर्च्या गोल मांडल्या होत्या, माझी मात्र जरा मधे आली होती. मॅडम, सर्जन, मेट्रन, मौनीबाबा.
मॅडमच्या हातात एकशे त्रेचाळीस दोषांची यादी. शंकासुराने त्यांच्या घरच्या पत्त्यावरही एक प्रत पाठवली होती म्हणे. असल्या माणसांचा भरवसा नसतो. मॅडमनी विचारलं, प्रत्येक ओळीपुढे सही तुमची? मी म्हटलं, हो, सगळ्या. म्हणाल्या, वाचून केली? मी म्हटलं, मॅडम, चाचणी करणाऱ्या बाईंनी वेळेवर नीट आग्रह धरला असता तर... तेव्हा मौनीबाबा बोलला. म्हणाला, तिने एकसष्ट नंबर सात वेळा सांगितला, मी मोजलंय. त्याने माझ्याच टीममध्ये राहून मोजावं, याचं वाईट वाटलं.
मग मॅडमनी एक कागद पुढे सरकवला. लॅबच्या ड्रॉवरमधली प्रत. वाचा. मी वाचलं. गाठीचा तुकडा, कॅन्सर, ताबडतोब शस्त्रक्रिया करावी. तारीख २० मार्च. म्हणाल्या, हा रिपोर्ट वीस तारखेला आला आणि कंडक्टर बाईंच्या फाइलमध्ये गेला. ज्या बाईचा होता तिला दोन आठवडे प्रलंबित दिसत राहिलं. तुम्ही यावर काय म्हणाल?
मी म्हटलं, दुर्दैवी आहे, पण ही अपवादात्मक केस आहे. इतकं नेहमीचं नाव, असं होणारच. मॅडम म्हणाल्या, जन्मतारीख वाचा. मी मोठ्याने वाचली. त्या म्हणाल्या, ओळखीची वाटते? मी नीट आठवून बघितलं. म्हटलं, नाही.
सर्जन खिडकीकडे बघत होते. शेवटी मेट्रन म्हणाल्या, आणि आवाज अजिबात चढवला नाही, साहेब, तुमच्या बायकोची आहे. मी त्याच संध्याकाळी रिपोर्ट त्यांच्या हातात नेऊन दिला.
मग म्हणाल्या, त्यांनी मला एकच विचारलं, खाली येऊन मागितला असता तर मिळाला असता का. मी हो म्हटलं.
मी पाणी मागितलं. आणून दिलं.
हिचा वाढदिवस मला लक्षात आहे. म्हणजे महिना लक्षात आहे. वर्ष नीट लक्षात राहत नाही, आणि त्यांनी वर्ष आधी लिहिलं होतं.

११ एप्रिल
प्रकल्पातून मोकळा झालो. बरंच झालं, थकवा आला होता. भांडार आता सहायकाकडे आहे, तो चांगलं बघतोय म्हणे, त्याला हलवायचं नाही असं मॅडमचं मत. मला तळघरातली खोली. काम: सिस्टिममधले चाळीस हजार पेशंट छापून, एकेकाला विचारून, आडनाव आणि पत्ता हाताने रजिस्टरमध्ये लिहायचा. जबाबदारीचं आहे. अक्षर चांगलं लागतं.
सकाळी शंकासुर आली. तिला परत घेतलंय, आता प्रकल्प तीच बघणार. मला वाटलं, ऐकवेल चार शब्द. तयारी ठेवली होती. ती म्हणाली, सर, खुर्ची. मी उठलो. दारापर्यंत गेलो तेव्हा मागून तिने विचारलं, सर, त्या कशा आहेत आता?
मी म्हटलं, माहीत नाही.
तिने अजून एखादा प्रश्न विचारायला हरकत नव्हती. नाही विचारला.

१२ एप्रिल
मेहुणीकडे गेलो. घर बदललेलं नाही. तेच घर, तेच पायपुसणं. साडू एकटे होते, इस्त्री करत होते. म्हणाले, ऑपरेशन आठ तारखेला झालं, नदीपलीकडच्या दवाखान्यात. डॉक्टर म्हणाले, गाठ पसरायला लागली होती, बरंच काढावं लागलं. महिनाभर आधी आल्या असत्या तर थोडक्यात भागलं असतं.
मला बस म्हणाले नाहीत. तसे ते कमीच बोलतात.
मुलीला फोन केला. ती आठ तारखेपासून इथेच आहे. मी म्हटलं, आई माझ्याबद्दल काय काय बोलली ते तरी सांग, मला माझी बाजू मांडता येईल. ती म्हणाली, बाबा, आई तुमच्याबद्दल एकदाही वाईट बोललेली नाही. ती तुमच्याबद्दल बोललीच नाही.
म्हणजे राग नाही. हा चांगला संकेत आहे.

१३ एप्रिल, रविवार
नदीपलीकडचा दवाखाना. भेटायची वेळ चार ते सहा. मी पावणेचारला हजर. दाढी केली, निळा शर्ट घातला. बरोबर फुलं नेली. काय बोलायचं त्याचे चार मुद्दे चिठ्ठीवर.
खालच्या काउंटरवरच्या मुलीने हिचं नाव विचारलं, आडनाव विचारलं, पत्ता विचारला. चार सेकंदांत सापडलं. मी म्हटलं, सिस्टिम चांगली आहे तुमची. ती म्हणाली, तुम्ही कोण? मी म्हटलं, नवरा. तिने स्क्रीन बघितला. म्हणाली, भेटायला दोघींचीच नावं आहेत, बहीण आणि मुलगी. मी म्हटलं, भरताना राहिलं असेल, घाईत होतं असं. ती म्हणाली, नाही काका, पेशंटनी स्वतः सांगून लिहिलंय.
काका म्हणाली. मी पन्नासचा आहे.
समोरच्या बाकावर बसलो. लोक वर जात होते, खाली येत होते. मेहुणी थर्मास घेऊन माझ्यासमोरून गेली, फुलांकडे बघितलं, माझ्याकडे नाही. साडेपाचला मुलगी खाली आली. फार वाळलीय. मी उठलो. मुद्दे काढले. ती म्हणाली, बाबा, आईने हे दिलंय, आणि माझ्या हातात घराची किल्ली ठेवली.
मी म्हटलं, अगं, माझ्याकडे आहे माझी.
म्हणाली, माहितीये.
आणि वर गेली. फुलं तिच्या हातात द्यायची राहिली.
सहा वाजता पहारेकरी म्हणाला, चला, वेळ संपली.
घरी आलो. आधी माझी लावून बघितली, मग हिची. दोन्ही चालतात.